मानधन नावाचं बलुतं

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वस्तीत जयंती मंडळाची मीटिंग झाली. मी गिरणीत दोन खाडे करून एस्टीनं गावी गेलो होतो. वर्गणी किती, मिरवणूक कुठून, डीजे लावायचा का नाही, यावर दीड तास भांडण झालं. मग एकजण म्हणाला, यंदा आपल्या वस्तीतल्या आशा वर्करचा सत्कार करू. साडी, शाल आणि बाबासाहेबांची फोटोफ्रेम. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. कारण आशा वर्कर म्हंजे माझी सख्खी वहिनी.

घरी आलो तर वहिनी चुलीपुढं बसून रजिस्टर भरत होती. सांगितलं. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "भावजी, साडी नको म्हणावं. आजींनी जन्मभर साड्याच घेतल्या की."

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी या विषयाच्या मागं लागलो. मी काही इतिहासकार नाही. नववीत शाळा सुटली, आता सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे आणि पाळी सुटली की कविता लिहितो. पण नगरपालिकेच्या वाचनालयात बसून, मित्रांकडून अहवाल मागवून जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं. ते तुमच्यापुढं मांडतो. कार्यकर्ते मित्रांनो, हा आपला इतिहास आहे आणि आपणच तो वाचलेला नाही.

१

आधी आजीचं सांगतो. माझी आजी सुईण होती. आमच्या वस्तीची आणि गावाचीही. मुलखाप्रमाणं हे काम कुठं महारणीकडं, कुठं मांगिणीकडं, कुठं न्हाविणीकडं. आमच्याकडं ते आजीकडं होतं. रात्री-बेरात्री गावातून बोलावणं यायचं. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत ती शिरायची. नाळ कापायची आजीनं, वार पुरायची आजीनं, रक्ताचे कपडे धुवायचे आजीनं. बाराव्या दिवशी त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून पायलीभर जवारी आणि जुनं लुगडं घ्यायचं. तिच्या हातात जन्मलेलं पोर चालायला लागलं की तिला शिवत नव्हतं.

मग सरकारनं तिला शिकवलं. १९८०च्या आगेमागे ती प्राथमिक आरोग्य केंद्रात दाई प्रशिक्षणाला गेली. एक पेटी मिळाली, एक सर्टिफिकेट मिळालं. सर्टिफिकेट आम्ही फ्रेम करून भिंतीवर लावलं. आजीला ते वाचता येत नव्हतं, पण पुसायची रोज. मरेपर्यंत तिला पगार म्हणून सरकारकडून एक रुपया आला नाही.

लहानपणी मला वाटायचं, सरकार विसरलं असेल. आता कळतंय की विसरलं नव्हतं. योजनाच तशी होती.

२

गावच्या सुईणीला शिकवायची कल्पना जुनी आहे. १८८५ साली डफरिन फंड निघाला, बायकांसाठी बायका डॉक्टर तयार करायला. १९०३ साली लेडी कर्झननं व्हिक्टोरिया राणीच्या नावानं फंड काढला, तो खास दायांना शिकवायला. हा पैसा कुठला? वर्गणीचा, देणगीचा. म्हंजे सुरुवातच दानधर्मातून झाली.

त्या काळचे अहवाल वाचले की राग येतो. गलिच्छ दाई, अडाणी दाई, दाईच्या घाणेरड्या हातांनी बाळं मरतात. बाळं मरत होती हे खरं आहे. धनुर्वातानं मरत होती, बाळंतरोगानं बाया मरत होत्या. मी आजीच्या काळाचं गोडवं गाणार नाही. आमच्या घरातच तिची दोन लेकरं गेली. पण जो समाज नाळ कापण्याचं काम विटाळाचं म्हणून अस्पृश्य बाईच्या गळ्यात बांधतो आणि त्याच बाईला पाणवठ्याला शिवू देत नाही, तो समाज तिला हात धू म्हणतो तेव्हा पाणी कुठून आणायचं? महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांना १९२७ साली सत्याग्रह करून प्यावं लागलं. दायांवर अहवाल लिहिणाऱ्यांना तळं आणि हात यांचा संबंध लागला नाही.

पुढच्याच वर्षी, १९२८ साली, बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात दोन गोष्टी केल्या. आपण त्या वेगवेगळ्या वाचतो. मला त्या एकत्र वाचाव्याशा वाटतात.

पहिली, गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी या बिलाला त्यांनी पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं असं की लोकांच्या हिताची जपणूक हे मुळात सरकारचं काम आहे, तेव्हा यातला मोठा भार सरकारनं उचलायला हवा. पण सरकार उचलत नाही म्हणून मालकाला सुटता येणार नाही. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला.

दुसरी, महार वतनाचं बिल. १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती मागणारं. महार काम कुणाचं करायचा? सरकारचं. सरकारी सांगावा पोचवायचा, सारा वसुलीला धावायचं, साहेब आला की राबायचं. आणि त्याला मोबदला कोण द्यायचं? गाव, बलुत्यातून, आणि इनामाचा जमिनीचा तुकडा. गावाची मर्जी फिरली की बलुतं बंद. बाबासाहेबांनी मागितलं की बलुत्याचं पैशात रूपांतर करा आणि तो पैसा साऱ्याबरोबर वसूल करून द्या, गावाच्या मेहेरबानीवर सोडू नका. बिल तेव्हा पास झालं नाही. ही वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं.

काम सरकारचं आणि पोट गावाच्या मेहेरबानीवर, ही ती व्यवस्था. हे ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

३

१९४३ साली सर जोसेफ भोर यांची समिती बसली, १९४६ला तिचा अहवाल आला. आपल्या देशाच्या आरोग्यसेवेचा पाया या अहवालात आहे. तेव्हा ६३०० माणसांमागं एक डॉक्टर होता आणि ४३,००० माणसांमागं एक नर्स. खिशात पैसा नाही म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, असं तत्त्व या समितीनं सांगितलं. त्याबद्दल तिला सलाम.

पण समितीनं आणखी एक ठरवलं. त्या काळी पदवीधर डॉक्टरांपेक्षा एलएमपी डॉक्टर जास्त होते, कमी वर्षांचा कोर्स केलेले. समितीत मतभेद झाले, पण बहुमतानं ठरलं की यापुढं डॉक्टर एकाच प्रकारचा, पदवीधर. एलएमपीच्या शाळा बंद पडत गेल्या. आणि दाई? तिला शिकवा म्हणाले, पण पुरेशा सुईणी तयार होईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून. ही तात्पुरती सोय पुढं साठ वर्षं चालली.

२ ऑक्टोबर १९५२ पासून समूह विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रं सुरू झाली. सरकारनं मेडिकल कॉलेजं काढली. कॉलेजात शिकणाऱ्या पोरावर सरकारचा पैसा वर्षानुवर्षं लागत होता. तो पोरगा शिकून शहरात बसला, नाहीतर विलायतेला गेला. त्याला कुणी म्हणालं नाही की तू स्वयंसेवक आहेस.

४

आता १९७७. आणीबाणी नुकतीच उठली होती. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदी ऑपरेशनं झाली होती. धरून-बांधून कुणाला नेलं ते आपल्या वस्त्यांना विचारा. आरोग्य खात्याचा माणूस दिसला की लोक शेतात पळत. जनता पक्षाचं सरकार आलं, राजनारायण आरोग्यमंत्री झाले. श्रीवास्तव समितीनं १९७५ साली सुचवून ठेवलंच होतं की गावातलीच माणसं शिकवून आरोग्याच्या कामाला लावा. चीनमधल्या अनवाणी डॉक्टरांची कीर्तीही पसरलेली होती. २ ऑक्टोबर १९७७ला योजना सुरू झाली. घोषणा होती, जनतेचं आरोग्य जनतेच्या हाती.

योजनेचा हिशेब मी गिरणीवाल्याच्या डोक्यानं मांडतो. दर हजार वस्तीमागं एक माणूस. सहावीपर्यंत शिकलेला असावा. प्रशिक्षण २०० तासांचं, तीन महिन्यांत. त्या तीन महिन्यांत दरमहा २०० रुपये विद्यावेतन. त्यानंतर रोज दोन-तीन तास काम आणि दरमहा ५० रुपये मानधन. औषधाला वर्षाला ६०० रुपये.

म्हंजे शिकत होता तेव्हा २००, शिकून काम करायला लागला की ५०. मी गिरणीत लागलो तेव्हा शिकाऊ होतो, शिकाऊपण संपल्यावर पगार चढला. जगात सगळीकडं असंच असतं. इथं उलटं. ५० रुपये तीस दिवसांत वाटले तर दिवसाला पावणेदोन रुपयेसुद्धा पडत नाहीत.

सरकार म्हणणार, हा पगार नाहीच, मानधन आहे. बरं. मग चीनकडं बघा. तिथला अनवाणी डॉक्टर शेतावर राबणाऱ्यासारखेच कामाचे गुण मिळवायचा आणि त्या गुणांवर कम्यूनच्या हिशेबातून त्याला वाटा मिळायचा. त्याचं औषध देणं हे काम म्हणून मोजलं जात होतं. कम्यून मोडले तेव्हा हा आधार तुटला आणि १९८५ साली ते नावही काढून टाकलं. आपण चीनची कल्पना आणली, हिशेबवही तिकडंच ठेवली.

निवड कुणाची झाली? बाई असावी असं कागदावर होतं. प्रत्यक्षात बहुसंख्य पुरुष निवडले गेले. सरपंचाच्या बैठकीतला माणूस. तो आमच्या वस्तीत गोळी द्यायला येत होता का, याचं उत्तर तुमच्या-माझ्या आजोबांना ठाऊक होतं.

याच काळात नगर जिल्ह्यात जामखेडला वेगळं घडत होतं. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्यानं १९७० पासून खेड्यातल्या बायका शिकवल्या. त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या. एकदा शिकवून पेटी देऊन घरी पाठवलं नाही. त्या आठवड्याला जामखेडला यायच्या, एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या, गावात काय झालं ते सांगायच्या आणि पुढचं शिकून जायच्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हंजे आपली बाई शिकू शकते का, हा प्रश्न तेव्हाच संपला होता. राहिला तो पैशाचा आणि नियतीचा.

५

सगळ्यात महत्त्वाचं पुढं आहे. कागदावर पहिलं नाव होतं हेल्थ वर्कर. वर्कर म्हंजे कामगार. कामगार म्हटलं की मजुरी आली, युनियन आली, कायदा आला. १९८० साली नाव झालं व्हॉलंटियर. १९८१ साली झालं गाईड. चार वर्षांत कामगाराचा स्वयंसेवक आणि स्वयंसेवकाचा मार्गदर्शक. माणूस तोच, पेटी तीच, ५० रुपये तेच.

पैशाचं काय झालं? सुरुवातीला सगळा खर्च केंद्राचा. १९७९ पासून निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. १९८१च्या अखेरीस पुन्हा सगळा केंद्राचा, पण कुटुंब कल्याण खात्यातून. जो पैसा देतो तो काम ठरवतो. कुटुंब कल्याणाचा पैसा आला की केस आणण्याचं कामही आलं. आरोग्य राज्याचा विषय म्हणून केंद्र राज्याकडं बोट दाखवणार, तिजोरी केंद्राची म्हणून राज्य केंद्राकडं. मधल्या मधी योजना वाळत गेली.

आजीची योजनाही याच काळातली. दाई प्रशिक्षण ३० दिवसांचं, विद्यावेतन सगळे मिळून ३०० रुपये. आठवड्यातले दोन दिवस केंद्रात शिकायचं, चार दिवस नर्सबाईबरोबर गावं फिरायची. त्यानंतर दर बाळंतपणाला १० रुपये, तेही नोंद झाली तर. नोंदीला केंद्रापर्यंत चालत जायचं, यायचं, एक दिवसाची मजुरी बुडवायची. आजी गेली नाही. जवारी आणि लुगडं घेत राहिली. सरकारनं तिला उकळलेलं ब्लेड दिलं, साबण दिला, पण उंबऱ्याच्या बाहेरून आत घेतलं नाही.

६

१२ एप्रिल २००५ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्यातून आशा आली. पुन्हा हजार वस्तीमागं एक. या वेळी बाईच, आठवीपर्यंत शिकलेली, गावची सून. पहिल्या वर्षी २३ दिवसांचं प्रशिक्षण, पाच टप्प्यांत. बाळंतपणं दवाखान्यात न्यायची, म्हणून दाई कागदावरून गेली. आजीची पेटी माळ्यावर गेली आणि दोन-चार वर्षांत वहिनीच्या खांद्यावर नवी पिशवी आली. देशभरात अशा बायका दहा लाखांच्या आसपास आहेत.

आशा ही पुन्हा मानसेवी. पगार नाही, कामागणिक मोबदला. नवजात बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा-सात खेपा मारायच्या, वजन करायचं, ताप बघायचा, त्याचे मिळून २५० रुपये. हे घरोघरी बाळ सांभाळण्याचं शास्त्र आपल्याच गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना शिकवून सिद्ध केलं होतं. बाळं वाचली. वाचवणाऱ्या बाईचा दर खेपेला चाळीस रुपयांच्या आसपास.

आमच्या गिरणीत पीसरेटवर काम करणाऱ्याला निदान ठाऊक असतं की तो कामगार आहे. वहिनीला तेही नाही.

२०१३ साली ४५व्या भारतीय श्रम परिषदेनं शिफारस केली की योजनांवर राबणाऱ्या अशा बायकांना कामगार माना, किमान वेतन द्या. परिषदेत सरकार होतं, मालक होते, युनियनी होत्या. शिफारस कागदावर राहिली. २०१५-१६ पासून अभियानाचा खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० असा झाला आणि बोट दाखवण्याचा जुना खेळ पुन्हा सुरू झाला. २०१८ साली केंद्रानं नेहमीच्या कामांचा महिन्याचा मोबदला १००० वरून २००० केला. करोनात या बाया घरोघर फिरल्या, आणि त्या जादा कामाला केंद्रानं महिना १००० रुपये लावले. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या ७० हजारांच्या आसपास आशा संपावर गेल्या. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आशांना पुरस्कार दिला. २०२४च्या फेब्रुवारीत त्याच बाया मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या. मार्चमध्ये राज्यानं ५००० रुपयांची वाढ मंजूर केली. वाढ मिळाली ती पुरस्कारानं नाही, मैदानावर बसल्यानं. वहिनी त्या मैदानात होती. चार रात्री.

७

आता आपला प्रश्न. आपण राखीव जागांसाठी लढतो, अनुशेष मोजतो. पण आरक्षण पदाला असतं. आशा हे पदच नाही. वंचित समाजातल्या बायकांना पुरेसं स्थान द्या असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय, पण सूचना म्हंजे बिंदुनामावली नाही. पद नाही म्हणून वेतनश्रेणी नाही, बढती नाही. ज्या कामात आपल्या आया-बहिणी आहेत ते काम सरकारनं पदांच्या यादीबाहेर ठेवलं. हे पूर्वी गावकुसाबाहेर ठेवण्यासारखंच आहे, आणि आपण त्यावर एकही ठराव केलेला नाही. आपल्या मंडळानं साडीचा ठराव केला.

काम सरकारचं, पोट मेहेरबानीवर. १९२८चं बिल आठवा. बाबासाहेबांनी वतन मोडायला सांगितलं ते जमिनीच्या तुकड्याचा मोह सोडून, कारण त्या तुकड्यानं माणूस बांधला जात होता. मानधनातला मान तसाच आहे. तो घेतला की धन मागता येत नाही.

मी प्रशिक्षणाच्या विरोधात नाही. वहिनीला आणखी शिकवा. २३ दिवसांवर थांबू नका, तिला नर्स होता येईल अशी वाट करा, त्या काळातलं विद्यावेतन द्या. पण शिकवण्याच्या पुढं पद असलं पाहिजे आणि पदाला पगार असला पाहिजे. नाहीतर सरकार दर वीस-पंचवीस वर्षांनी नवं नाव काढणार, नवी पेटी वाटणार, आणि आपल्या घरातली आणखी एक बाई भिंतीवर सर्टिफिकेट पुसत बसणार.

मंडळाला मी हे सगळं सांगितलं. काही पोरं चिडली, चांगल्या कामात खोडा घालतो म्हणाली. शेवटी एवढं ठरलं की यंदा साडी नाही. तालुक्यातल्या आशांची नावं, किती वर्षं काम, कोणत्या महिन्याचे पैसे थकलेत, एवढं एका वहीत लिहून काढायचं आणि १४ एप्रिलला ते निवेदन म्हणून तहसीलवर न्यायचं. तुमच्या तालुक्यातही हे करता येईल. एक वही आणि दोन रविवार लागतात.

पहिलं नाव वहिनीनं स्वतः लिहिलं. व्यवसायाच्या रकान्यात तिनं आधी आशा लिहिलं, मग ते खोडून आरोग्य कामगार असं लिहिलं.

जय भीम.